झालंय ना त्याचं?

हॅदरशॉच्या माणसांना कशाची लाज म्हणून नाही, असं बाहेरचे लोक म्हणतात. ते खोटं आहे. स्वतःचा मूळव्याध, सासूची कवळी, शेजाऱ्याच्या नवऱ्याचं घोरणं यावर ही माणसं बसच्या थांब्यावर उभ्याउभ्या तासभर बोलतील. पण पोराबाळांच्या होण्या-न-होण्याचा विषय निघाला की सगळं गाव ताकाला जाऊन भांडं लपवतं. इथे बाईला दिवस जात नाहीत, 'ती हल्ली जरा घरीच असते.' कुत्र्या-मांजरांची, फेरेटांची नसबंदी होत नाही, त्यांचं नुसतं 'होतं.' "झालंय का त्याचं?" "झालंय." एवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या भागत आलं होतं, आणि बेरिल हेगने अँब्रोजला उसना नेला नसता तर पुढेही भागलं असतं.

बेरिलची सगळी नोकरी दुमजली बसमध्ये कंडक्टर म्हणून झाली. खालच्या मजल्यावरून तिने "तिकीट!" अशी हाक दिली की वरच्या मजल्यावरचे झोपलेले उतारू खिसे चाचपायला लागत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. आवाज तेवढा शाबूत होता, आणि तो आता हॅदरशॉ फेरेट मंडळाच्या कामी येत होता. मंडळाची ती चिटणीस. अध्यक्षही होते, पण ते मुख्यतः चहा ओतायला.

फेरेट म्हणजे मुंगसाच्या अंगलटीचा, लांबोडका, नाक खुपसल्याशिवाय चैन न पडणारा प्राणी. या खोऱ्यात पूर्वी बिळातून ससे हुसकायला प्रत्येक घरी एक तरी असायचाच. आता ससे हुसकणारे थोडे राहिले, पण फेरेट घराघरांत आहेत. म्हाताऱ्यांच्या स्वेटरच्या बाहीत झोपतात, मोजे पळवतात आणि लाडावून बसतात.

बेरिलचा कायदा एकच होता. आधी घर, मग पिल्लू. होणाऱ्या पिल्लांना घरं ठरलेली नसतील तर मादीला नराकडे न्यायची नाही. आणि ज्याने पिल्लू जगात आणलं त्याने त्याचं शेवटपर्यंत बघायचं. उद्या कुणी ते परत घेऊन आलं, तर मुकाट्याने दार उघडायचं. हा कायदा काही तिला स्वप्नात सुचला नव्हता. दर शरद ऋतूत तिच्या फाटकाशी खोकी येऊन पडत, आणि खोक्यात उन्हाळ्यात हौसेने आणलेली, आता नकोशी झालेली, हाडं वर आलेली जनावरं असत. एकेकाला माणसात आणायला तिला सबंध हिवाळा लागे.

म्हणून मार्चच्या सभेत तिने ट्रेव्हर क्रॅबट्रीचं नाव वर्षभरासाठी कमी करायला लावलं. ट्रेव्हर छपरांवर पाटीच्या दगडाची कौलं बसवणारा, चाळिशीतला, बोलघेवडा गडी. त्याच्या मादीला आदल्या उन्हाळ्यात पिल्लं झाली, आणि त्याने ती पबमध्ये शेंगदाणे वाटावेत तशी वाटून टाकली. त्यातली दोन एका गळक्या शेडमध्ये पाव-दुधावर दिवस काढताना सापडली होती.

"हेगबाई, तुमच्या हातून कधी चूक होतच नाही का हो?" ट्रेव्हरने उठता उठता विचारलं.

"होते की. पण माझ्या चुकीला शेपूट नसतं," बेरिल म्हणाली.

सभा खदखदून हसली. ट्रेव्हर लालबुंद होऊन टोपी घालून निघून गेला. पुढे आठवडाभर बेरिल स्वतःच्या त्या वाक्यावर खूश होती.

मग एप्रिल आला आणि माद्या माजावर आल्या. फेरेटच्या मादीचा एक वांधा असतो. एकदा माजावर आली की नर भेटेपर्यंत तिचा माज उतरत नाही, आणि फार दिवस तसाच राहिला तर आतल्या आत रक्त आटून ती मरते. म्हणजे पिल्लं नकोत, पण नर तर हवा. यावर डॉक्टरकडे सुई मिळते, पण हॅदरशॉचा भरवसा जुन्या उपायावर, म्हणजे 'झालेल्या' नरावर. तो येतो, आपलं काम चोख करतो, मादी शांत होते आणि मागे काही उरत नाही. मंडळाचा असा एक नर होता. घरोघर जाऊन आशीर्वाद देतो आणि तोशीस कुणाला लावत नाही, म्हणून त्याचं नाव बिशप. तो बिचारा नेमका त्या हिवाळ्यात म्हातारपणाने गेला.

बेरिलच्या कुंपणापलीकडे इनॉक थ्यूलिस राहत असे. चॅपेलमध्ये ऑर्गन वाजवणारा, ब्रह्मचारी, इतका भिडस्त की खाटकाकडे कोंबडीची 'छाती' मागायची वेळ आली तर बोटाने दाखवायचा. त्याच्याकडे अँब्रोज नावाचा एकुलता एक नर होता, कालव्याच्या काठी भटकताना सापडलेला. बेरिलने कुंपणावर कोपरं टेकली.

"इनॉक, तुझा अँब्रोज दे ना आठवडाभर. माझ्या पर्लची आणि मंडळातल्या चौघींच्या माद्यांची सोय होईल."

इनॉकचे कान तांबडे झाले. तो गुलाबाच्या काड्या छाटत होता, त्याने आणखी दोन चांगल्या काड्या छाटून टाकल्या. "ने की."

"पण झालंय ना त्याचं?"

"झालंय, झालंय. जानेवारीतच झालंय. मी स्वतः घेऊन गेलो होतो डॉक्टरकडे."

"म्हणजे मध्ये चांगले तीन महिने गेले. बरं झालं. लगेच कामाला लावून चालत नाही." बेरिलला या बाबतीत सगळं माहीत होतं. "त्रास नाही ना फार झाला त्याला?"

"छे! जरासा ओरडला. घरी आल्याबरोबर अंडं मागायला लागला."

"दणकट आहे गं बाई!" बेरिल म्हणाली आणि टोपली आणायला आत गेली. दोघांनाही विषय आटोपल्याचं समाधान वाटलं.

अँब्रोजने मंडळाला जिंकून घेतलं. पाच घरं, पाच माद्या, कुठे तक्रार नाही. उलट आयव्ही लम नावाची बेरिलची मैत्रीण टोपली परत देताना डोळे मिचकावून म्हणाली, "बिशप बिशपच होता गं, पण हा म्हणजे आर्चबिशप!" अँब्रोज घरी परतला तो दोन दिवस नुसता झोपून होता. इनॉकने त्याला काही विचारलं नाही.

मे महिन्यात माद्यांची पोटं वाढली. बेरिलला त्याचं काही वाटलं नाही, कारण झालेल्या नरानंतरही मादी खोटी गाभण राहते. पोट येतं, गवत ओढून घर करते, कधीकधी दूधसुद्धा उतरतं. आयव्हीचा फोन आला.

"बेरिल, माझ्या मादीचं पोट जमिनीला टेकतंय."

"टेकू दे. खोटं आहे ते. मनाने गाभण आहे ती."

"पण ती उशीतला कापूस उपसतेय."

"मनाने उपसतेय."

"अगं, मनाने म्हणतेस, पण उशी माझी खरी आहे ना!"

बेरिलने तिला समजावलं, की इतकी वर्षं फेरेट पाळतेस आणि अजून घाबरतेस, कमाल आहे तुझी. बाकीच्या तिघींनाही तिने असंच समजावलं. मग एके दिवशी सकाळी ती चहाचा कप हातात घेऊन पर्लच्या पिंजऱ्याशी गेली, आणि आतल्या गवतातून बारीक चिवचिव ऐकू आली. ती नीट कान देऊन उभी राहिली. पुन्हा चिवचिव. खोटं पोट चिवचिवत नाही. बेरिल पालथ्या बादलीवर बसली, आणि घरात फोन वाजायला लागला.

दोन दिवसांत पाचही घरांची बातमी कळली. सगळी मिळून तीसच्या वर.

इनॉक चॅपेलमध्ये रविवारच्या गाण्यांचा सराव करत होता. वेदीपाशी दोघी बायका फुलं लावत होत्या. बेरिल मधल्या वाटेने तशीच चालत गेली.

"इनॉक! झालंय म्हणालास ना तू?"

ऑर्गनचा सूर कुठेतरी अर्धवट लटकला. "कुणाचं?"

"अँब्रोजचं!"

"झालंयच. मी का खोटं बोलेन?"

"काय झालंय? काय ते सांग ना!"

"ते हे... लस. कुत्र्यांना येतो त्या तापाची. तूच विचारलंस. मला वाटलं, घरोघर जायचाय, रोगराई नको, म्हणून विचारतेस."

"अरे देवा! मी नसबंदीचं विचारत होते!"

तो शब्द चॅपेलच्या छताला जाऊन आदळला आणि परत आला. एका बाईच्या हातातून फुलदाणी निसटली. इनॉकने ऑर्गनवर डोकं टेकलं, त्यामुळे खालच्या पट्टीतले सात-आठ सूर एकदम घुमले. मग त्याने डोकं वर केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर आवाज चढवला.

"मग तेव्हा तसं म्हणायचं! आता देवाच्या घरात बोंबलतेस, तेच अंगणात हळू बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"तू नाही सांगायचंस, लस म्हणून?"

"आणि मी म्हटलं, बेरिल नर मागतेय म्हणजे पाच घरच्या पिल्लांची सोय तिने आधीच लावून ठेवली असेल. तुझाच ना कायदा? सगळ्या गावाला शिकवतेस. मी कोण तुला विचारणारा?"

बेरिलला हे लागलं. ती पहिल्या बाकावर बसली. आयुष्यभर आपण नाकाने कांदे सोलले, तीस-तीस उतारूंसमोर कुणालाही फैलावर घेतलं, आणि वेळेवर एक साधा शब्द तोंडातून निघाला नाही. तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्या गवतातल्या चिवचिवीची काळजी वाटली. एवढ्या सगळ्यांना कुठे पाठवायचं? शरदात फाटकाशी खोकी येणार, आणि या वेळी ती तिचीच असणार.

बातमी खोऱ्यात पसरायला वेळ लागला नाही. खाटकाच्या दुकानात ट्रेव्हर क्रॅबट्री तिच्या मागेच रांगेत निघाला.

"हेगबाई, तुमच्या चुकीला शेपूट फुटलं म्हणे?"

बेरिल वळली.

"एकच नाही रे बाबा. मोजायला ये वेळ काढून," ती म्हणाली, आणि तिलाच हसू फुटलं. मग सगळं दुकान हसलं. ट्रेव्हर मात्र थोडंसंच हसला. त्याने आपलं मांस घेतलं आणि तो निघून गेला. तेव्हा खाटकाच्या बायकोने सांगितलं की नाव कमी झाल्यावर हा माणूस पबमधल्या एकेकाच्या घरी जाऊन पिल्लं बघून आला, आणि जिथे हाल होते तिथली परत घेऊन आला. चार जणांशी भांडला, एकाचा तर ठोसा खाल्ला. हे बेरिलला कुणी सांगितलं नव्हतं. तिनेही कुणाला विचारलं नव्हतं.

तिने मंडळाची सभा बोलावली आणि उभं राहून सांगितलं, "माझं नाव कमी करा. वर्षभर."

"अगं, पण ती चूक होती," आयव्ही म्हणाली. "तू काय मुद्दाम केलंस?"

"ट्रेव्हरने तरी कुठे मुद्दाम केलं होतं? पिल्लाला काय, मुद्दाम झालं काय आणि चुकून झालं काय, थंडी सारखीच वाजते. नाव कमी करा. आणि ऐका. पिल्लं तुमच्या घरी वाढतील, पण घरं मी शोधणार. ज्याला घर मिळणार नाही ते माझ्याकडे येणार."

मागच्या खुर्चीवरून इनॉक उभा राहिला. "निम्मी माझी."

"अँब्रोजची!" कुणीतरी ओरडलं, आणि हशा एवढा उसळला की अध्यक्षांच्या हातातला चहा सांडला.

हसणं सोपं होतं. पण जून सरत आला तशी पिल्लांनी डोळे उघडले, मांस खायला लागली, आणि पाचही घरांना वास यायला लागला. एक दिवस शहरातून एक माणूस गाडी घेऊन आला. जनावरांचा दलाल. गोड बोलणारा, स्वच्छ नखांचा.

"सगळी उचलतो आजच. एवढी एवढीशीच जास्त खपतात. कुठे जातात याची फिकीर तुम्ही करायची नाही, ती माझ्यावर सोडा."

खरं सांगायचं तर बेरिलला क्षणभर मोह झाला. रात्रंदिवस धावपळीने तिचे गुडघे बोलत होते. आयव्हीने उशा टाकून दिल्या होत्या. हा माणूस एका फेरीत सगळं निस्तरणार होता. तिने पर्लकडे पाहिलं. पर्ल आपली पिल्लं मानेला धरून एकेक करून परत गवतात नेत होती, आणि पिल्लं दुसऱ्या बाजूने निसटत होती.

"आठ आठवडे आईपाशी राहतील," बेरिल म्हणाली. "आणि कुठे जातात हीच तर माझी फिकीर आहे. ती तुमच्यावर सोडली तर मी इथे कशाला आहे? या आता."

त्या दिवसापासून बेरिल आणि इनॉक घरं शोधायला लागले. लग्नाच्या मुलीसाठी स्थळ बघावं तसं दोघं जोडीने जाऊन बघून येत. इनॉक दाराशी टोपी हातात घेऊन उभा राही आणि बेरिल थेट मागच्या अंगणात शिरे. खायला काय घालणार? पाव-दूध म्हणणारा जागीच बाद. एकटं नेणार का? मग नाहीच मिळणार, जोडीने न्या, नाहीतर घरात आधीचा सोबती हवा. दिवसातून किती वेळ बाहेर सोडणार? चावलं तर काय करणार? "मारीन" म्हणणाऱ्याला बेरिल म्हणे, "मग मीही तुम्हाला चावेन." आणि शेवटी अट, की मोठं झाल्यावर त्याचं नीट करून घ्यायचं.

"काय करून घ्यायचं?" एका बाईने विचारलं.

"नसबंदी!" दारातून इनॉक खणखणीत म्हणाला. चॅपेलमधल्या त्या दिवसानंतर त्याची भीड अशी चेपली होती की आता त्याला थांबवणं मुश्कील झालं होतं. रविवारी चहाच्या वेळीसुद्धा तो हा शब्द उच्चारी आणि पाद्रीबाबा बिस्किटाकडे बघत बसत.

आणि सगळ्यांना एक शेवटचा प्रश्न असे. "तुम्हाला काही झालं तर याचं कोण बघणार? नाव सांगा."

धडधाकट माणसं दचकत. "मला काय होणार?"

"नोकरी जाते, पाय मोडतो, बायको माहेरी निघून जाते. नाव सांगा."

कुणी बहिणीचं सांगे, कुणी शेजाऱ्याचं. एक निवृत्त मास्तर बराच वेळ आठवत बसले, त्यांना कुणाचंच नाव सुचेना. ते हिरमुसून गेले, आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला हाताला धरून घेऊन आले. "ही बघेल. मी विचारलं तिला. आम्ही बारा वर्षं शेजारी आहोत, बोललो कालच पहिल्यांदा." त्यांना बेरिलने दोन सगळ्यांत गुणी पिल्लं दिली.

ऑगस्टमध्ये खोऱ्याची जत्रा भरली तेव्हा एक सोडून सगळी पिल्लं आपापल्या घरी गेली होती. राहिलं ते पर्लचंच, एक मादी. नाकापासून मानेपर्यंत पांढरा शुभ्र पट्टा, बाकी अंग तपकिरी, आणि कानाने ठार बहिरं. तो पट्टा आला की बहुधा बहिरेपणही येतं, आणि दोन्ही पुढच्या पिढीत उतरतात. अँब्रोज कुठला, त्याची आई कोण, बाप कोण, कुणाला ठाऊक! इनॉकने शीळ घातली की बाकीची पिल्लं माना वर करत, ही मात्र ढाराढूर झोपलेली. जत्रेत सगळ्यांच्या नजरा तिच्यावरच. काय सुंदर आहे! देता का? हिला अशीच पट्ट्याची पिल्लं होतील ना?

"म्हणूनच नाही देत," बेरिल म्हणे, आणि पिल्लाला स्वेटरच्या बाहीत सरकवी.

संध्याकाळी तंबू उतरायला लागले. मेंढ्या गाड्यांत चढल्या. आयव्ही रिकाम्या टोपल्या रचत म्हणाली, "आता ठेव की तूच हिला. नाहीतरी तुझ्या बाहीतून निघत नाहीये."

बेरिलला तेच तर हवं होतं. सगळं जग तिच्या आवाजाला वचकून असे. हिला तो ऐकूच येत नव्हता. हिला फक्त तिचा हात माहीत होता, आणि तो दिसला की ही दुडूदुडू धावत येई. इतकं निर्मळ कुणी आपल्याकडे कधी धावत आलं होतं, हे बेरिलला आठवेना.

"नाही ठेवता येणार," ती म्हणाली.

"का?"

"सगळ्या गावाला विचारलं ना मी, तुमच्यानंतर कोण म्हणून? मग आता मला विचारा. हिला अजून आठ-नऊ वर्षं जगायचंय. मी सत्तरी ओलांडली. कुणाचं नाव सांगू मी?"

"मी आहे की," इनॉक म्हणाला.

"तू माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. तुझ्यानंतर कोण? अँब्रोज?"

इनॉक हसला नाही. आयव्हीनेही मान खाली घातली, तिचंही वय तेच होतं. बेरिलने बाहीतलं पिल्लू चाचपलं. "पलीकडच्या खोऱ्यात एक तरुण जोडपं आहे, टाकलेली जनावरं सांभाळतात. उद्या नेऊन सोडते."

"माझं सांगा," मागून कुणीतरी म्हणालं.

ट्रेव्हर क्रॅबट्री होता. मंडळातून नाव कमी असल्याने त्याला जत्रेत फेरेट मांडायची परवानगी नव्हती, तो हात खिशात घालून दिवसभर नुसता हिंडत होता.

"काय सांगू?"

"नाव. तुमच्यानंतर मी. हिला ठेवा तुम्ही. वेळ आली की मी नेईन."

बेरिलने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग सवयीने सुरू झाली. "खायला काय घालशील?"

"मांस. कोंबडीची मान. अंडं कधीतरी. पाव-दूध नाही, हेगबाई, शपथ."

"बहिरी आहे. मागून जाऊन उचलायची नाही, दचकून चावेल."

"समोरून जाईन. जमिनीवर हात आपटला की कळतं त्यांना. माझ्याकडे परत आणलेल्यांत एक आहे तसा."

"आणि पिल्लं?"

"नाही काढणार. नसबंदी!" ट्रेव्हर म्हणाला. इनॉकने समाधानाने मान हलवली.

"आणि तुला काही झालं तर? रोज छपरांवर चढतोस तू. कोण बघेल?"

"बायको. विचारलंय मी तिला."

"कधी विचारलंस? आत्ता तर म्हणालास तू."

ट्रेव्हर पायाने गवत उकरायला लागला. "सकाळी. घरून निघायच्या आधीच. खाटकाची बायको बोलली होती, शेवटची पट्टेवाली तुम्हालाच ठेवावीशी वाटतेय, पण पुढचं कोण बघणार म्हणून तुम्ही ठेवणार नाही. म्हटलं, आधी घरी विचारून घ्यावं, मग तुमच्यापुढे उभं राहावं."

बेरिलने बाहीत हात घातला, झोपलेलं पिल्लू बाहेर काढलं आणि ट्रेव्हरच्या खरबरीत तळहातावर ठेवलं.

"हलू नकोस. वास घेऊ दे तुझा," ती म्हणाली. "दर रविवारी येत जा. तुझी ओळख राहायला हवी तिला."

"रविवारी मी उशिरा उठतो, हेगबाई."

"मग उशिरा ये," बेरिल म्हणाली. "जेवायलाच ये. बायकोलाही आण."